मामाचं दुकान, जुना स्कॅनर आणि पाच व्होल्ट

मार्चमधला रविवार होता. मामाच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्यात मी स्वतः बनवलेला, बारकोड वाचून मालाची नोंद ठेवणारा डबा ठेवला, प्लग लावला आणि स्क्रीनवर ‘रेडी’ आलं. दुकानातल्या पोराने स्कॅनर उचलला, कूलरच्या पंपाच्या खोक्यावर धरला आणि ट्रिगर दाबला. खोक्यावर लाल रेघ उमटली न उमटली तोच स्क्रीन काळी. दोन सेकंदांनी परत ‘रेडी’. पुन्हा ट्रिगर, पुन्हा अंधार.

“काहून गं बाई, घरी तं चालत होतं म्हणे?” मामाने विचारलं.

घरी खरंच चालत होतं. तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मी टेबलावर हाच खेळ मांडून बसत होते आणि एकदाही स्क्रीन गेली नव्हती. त्या रविवारी डबा पिशवीत घालून मी घरी परत आणला आणि पुढचे पंधरा दिवस जे शिकले ते इथे लिहून ठेवते आहे. स्कॅनरचा डेटा वाचायला मला एक संध्याकाळ लागली. त्याला नीट वीज द्यायला पंधरा दिवस लागले.

आधी दुकानाबद्दल. मामाचं दुकान नागपूरच्या इतवारीत आहे, कूलरच्या सुट्या भागांचं. पंप, मोटर, पंख्याची पाती, कंडेन्सर, रेग्युलेटर, फ्लोट वॉल्व्ह, वुडवूलच्या ताट्या, हनीकोंब पॅड, खस. वर्षाचे आठ महिने दुकान निवांत असतं. होळी झाली की नागपुरातल्या घराघरांतून कूलर गच्चीवरून खाली येतात आणि मग जून लागेपर्यंत मामाला जेवायला फुरसत नसते. माल सगळा माळ्यावर. कुठला पंप कुठल्या कप्प्यात आणि किती उरले, हे फक्त मामाच्या डोक्यात. गेल्या उन्हाळ्यात मामाला चार दिवस ताप आला, तेव्हा असलेला माल ‘नाही’ म्हणून गिऱ्हाईकं परत गेली. तेव्हाच मी ठरवलं की यावर काहीतरी करायचं.

कॉम्प्युटर ठेवून पाहिला होता. काउंटर अडीच फुटांचा, वर वुडवूलचा भुसा उडतो, बाजूलाच टोपल्यात पाणी भरून पंप तपासतात. दोन वर्षांत तो कॉम्प्युटर संपला. म्हणून मला एक बंद डबा हवा होता: खोक्यावरचं लेबल वाचा, कप्पा नंबर आणि शिल्लक स्क्रीनवर पाहा, बस. आत ईएसपी-३२, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरसारखं काम करणारी मायक्रोकंट्रोलर चिप बसवलेला बोर्ड, कारण त्यात वायफाय आहे आणि मामाला रात्री मोबाइलवर यादी पाहता येते.

पहिली चूक स्कॅनर निवडण्यात झाली. ऑफिसात एक यूएसबी स्कॅनर पडून होता, तो आणला. यूएसबी स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. कॉम्प्युटरला लावला की आकडे थेट टाइप होतात, म्हणून दुकानदारांना तो सोपा वाटतो. पण कीबोर्डला कुणीतरी यजमान लागतो, ज्याला होस्ट म्हणतात. होस्टने विचारल्याशिवाय यूएसबीवरचं उपकरण एक अक्षर बोलत नाही. माझ्याकडच्या साध्या ईएसपी-३२ ला होस्ट होता येत नाही, आर्डुइनो उनो या तसल्याच दुसऱ्या बोर्डालाही नाही. उनोवर मॅक्स-३४२१ई चिप असलेली होस्ट शील्ड बसवता येते, किंवा ईएसपी-३२ चा एस-३ प्रकार घेता येतो. दोन्ही रस्ते चालतात, पण मला इतकं मध्ये घालायचं नव्हतं. यूएसबीची हिरवी-पांढरी तार कापून मायक्रोकंट्रोलरच्या आरएक्स, म्हणजे सीरियल डेटा घेणाऱ्या पिनला लावू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. त्या तारांवर सीरियल डेटा नसतो, तिथून काहीच मिळत नाही.

मग सीताबर्डीच्या बाजारात ‘मोदी नंबर’च्या गल्ल्यांत फिरून एक जुना सीरियल स्कॅनर मिळवला, म्हणजे होस्टची वाट न पाहता एका तारेवरून एकेक बिट पाठवणारा. लेझरचा, बंदुकीसारखा, वायरीच्या टोकाला नऊ पिनांचा डीबी-९ आणि त्याच कनेक्टरच्या कुशीत अडॅप्टर लावायचं गोल भोक. अडॅप्टर नव्हता, माहितीपत्रकही नव्हतं. तरी मी खूश झाले. अशा स्कॅनरचं सगळं खरंखोटं मल्टिमीटरने काढता येतं.

कसं ते सांगते, कारण इथेच लोक बोर्ड जाळतात. स्कॅनरच्या मागे ५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर असं छापलेलं होतं. वीज द्यायच्या आधी मीटर बीप मोडवर ठेवून डीबी-९ ची ५ नंबरची पिन, जी ग्राउंडची असते, आणि गोल भोकाचा बाहेरचा पत्रा जोडून पाहिला. बीप आला. म्हणजे बाहेरचा भाग ग्राउंड, मधली काडी पॉझिटिव्ह. मग बेंच सप्लायवर, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट देणाऱ्या टेबलावरच्या यंत्रावर, करंटची मर्यादा ४०० मिलिअँपिअर लावून ५ व्होल्ट दिले. स्कॅनर दोनदा वाजला. आता मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब ५ नंबरवर, लाल २ नंबरवर, जिथून स्कॅनरचा डेटा बाहेर येतो. आकडा आला उणे ५.८.

त्या ‘उणे’मध्ये सगळी माहिती आहे. स्कॅनर गप्प असताना त्याच्या डेटाच्या तारेवर उणे व्होल्टेज असेल तर ते खरं आरएस-२३२, सीरियल उपकरणांची जुनी पद्धत. त्यात ‘एक’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. तिथे अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसले असते तर ते टीटीएल, मायक्रोकंट्रोलरच्या भाषेतलं. ईएसपी-३२ ची पिन ३.३ व्होल्टची आहे. तिला उणे पावणेसहा व्होल्ट थेट दाखवले तर ती पिन जाते, कधी कधी अख्खी चिप जाते. डिप्लोमाच्या काळात मी एक बोर्ड असाच घालवला आहे. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी कुठलीही अनोळखी तार जोडत नाही.

म्हणून स्कॅनर आणि ईएसपी-३२ च्या मध्ये आरएस-२३२ चं टीटीएल करून देणारं मॅक्स-३२३२ चिपचं छोटं मॉड्यूल बसवलं. ही चिप ३ ते साडेपाच व्होल्टवर चालते आणि सोबतच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या छोट्या कॅपॅसिटरांतून स्वतःच अधिक-उणे व्होल्टेज तयार करते. तिला ३.३ व्होल्ट द्या, म्हणजे बाहेर येणारा सिग्नलही ३.३ च्या आत राहतो. तिची जुनी बहीण मॅक्स-२३२ फक्त ५ व्होल्टवर चालते आणि ५ व्होल्टच बाहेर काढते. ती वापरायची असेल तर पुढे १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक लावा, ५ चे ३.३ होतात. मॉड्यूलचं आउटपुट मी ईएसपी-३२ च्या १६ नंबरच्या पिनला दिलं, ग्राउंडला ग्राउंड जोडलं. ग्राउंड विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही स्क्रीनवर कचरा येतो. ९६०० चा वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, शेवटी एन्टरचं अक्षर. पहिल्याच ट्रिगरला आकडे उमटले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी एकटीच टाळी वाजवली आणि आई आतल्या खोलीतून “काय झालं गं?” म्हणाली.

मामाने मला एकदा विचारलं होतं, “या रेघांत लिहिलं काय असते?” सांगायला मजा येते असा तो प्रश्न आहे. नॉर्मन वुडलंड नावाच्या माणसाने मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटं ओढता ओढता मोर्स कोडचे डॉट आणि डॅश खाली लांबवले आणि बारीक-जाड रेघा झाल्या. बर्नार्ड सिल्व्हरबरोबरचं त्याचं पेटंट १९५२ चं. दुकानाच्या काउंटरवर पहिली वस्तू स्कॅन व्हायला मात्र २६ जून १९७४ उजाडला, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावात, आणि ती वस्तू होती च्युइंगगमचं पाकीट. आपल्याकडच्या कंपनीच्या खोक्यांवर ८९० ने सुरू होणारे तेरा आकडे दिसतात ते त्याच घराण्यातले. मामाच्या दुकानातला निम्मा माल मात्र बिननावाचा, त्यावर कसला बारकोड. त्यासाठी मी कोड-१२८ ची लेबलं छापली. त्यात प्रत्येक अक्षर तीन काळ्या आणि तीन पांढऱ्या पट्ट्यांचं, एकूण अकरा मात्रांचं. मात्रावृत्तासारखंच.

आता मूळ दुखण्याकडे येते.

दुकानात मी डब्याला वीज दिली होती ती मोबाइलच्या एका जुन्या चार्जरने, दोन मीटरच्या बारीक केबलमधून. घरी बेंच सप्लाय होता, तारा वीतभर. फरक एवढाच. चार्जरवर २ अँपिअर लिहिलं होतं, मीटर लावला तर ४.९८ व्होल्ट दाखवत होता, ट्रिगर दाबल्यावरही ४.९. म्हणून पहिला आठवडा मी प्रोग्राममध्येच चूक शोधत राहिले. ईएसपी-३२ लॅपटॉपला जोडून पाहिला तेव्हा रीसेट होताना एक ओळ छापून जात होती: ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. म्हणजे वीज कमी पडते आहे हे चिप स्वतःच सांगत होती. आणि मीटर सांगत होता की सगळं ठीक आहे.

मीटर खोटं बोलत नव्हता, पण तो सरासरी दाखवतो. सेकंदात दोन-तीनदा आकडा बदलणाऱ्या मीटरला चार मिलिसेकंदांचा खड्डा दिसत नाही. मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात उपकरणांच्या देखभालीचं काम करते. साहेबांना विचारून शनिवारी सुट्टीनंतर तिथल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची क्षणाक्षणाची रेघ काढून दाखवणाऱ्या यंत्रावर, डबा, तोच चार्जर आणि तीच केबल लावली. साडेचार व्होल्टच्या खाली जाताच चित्र पकड, असं स्कोपला सांगून ट्रिगर दाबला. पडद्यावर पाच व्होल्टची सरळ रेघ, मग विहिरीसारखा खड्डा, तळ ३.४ वर, आणि चार मिलिसेकंदांनी परत वर. मी ते चित्र किती तरी वेळ पाहत उभी होते. पंधरा दिवस जे कुठेच दिसत नव्हतं ते तिथे हिरव्या रेघेत उभं होतं.

खड्डा का पडतो? ट्रिगर दाबला की लेझर पेटतो, आतला छोटा आरसा हलायला लागतो, वाचन झालं की भोंगा वाजतो, आणि माझा प्रोग्राम तेव्हाच वायफायवर नोंद पाठवतो. ईएसपी-३२ वायफायवर बोलताना अडीचशे मिलिअँपिअरच्या आसपास झटका घेतो. दोघं मिळून सहाशेच्या घरात. बारीक केबलमधली तार २८ गेजची असेल तर दर मीटर लांबीला ०.२१ ओहम, जाऊन-येऊन चार मीटर म्हणजे ०.८५ ओहम. सहाशे मिलिअँपिअरला नुसत्या तारेतच अर्धा व्होल्ट गेला. त्यात चार्जर दमणारा. आणि माझी स्वतःची एक चूक: स्कॅनरचे ५ व्होल्ट मी ईएसपी-३२ च्या बोर्डावरच्या पिनवरून घेतले होते. बोर्डावर यूएसबी आणि त्या पिनमध्ये डायोड असतो, तो आणखी थोडे खातो. शिवाय बोर्डावरच्या रेग्युलेटरला ३.३ काढायला वर साधारण एक व्होल्ट जास्त लागतो. वरून ३.४ आले तर चिपपर्यंत अडीचही पोचत नाहीत. मग ती बंद पडेल नाही तर काय करेल.

उपाय साधा निघाला. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारा दणकट पुरवठा, आणला. त्याच्या स्क्रूवरून दोन वेगळ्या जोड्या काढल्या, एक बोर्डाला, एक स्कॅनरला, म्हणजे स्कॅनरचा करंट बोर्डातून जातच नाही. तारा ०.७५ चौरस मिलिमीटरच्या, घरात पंख्याला वापरतो तसल्या, आणि लांबी दोन फूट. एवढ्या तारेत वीस मिलिव्होल्टही जात नाहीत. स्कॅनरच्या जॅकजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि त्याला चिकटून ०.१ चा सिरॅमिक. परत स्कोपवर लावला. खड्डा ४.८५ वर थांबला.

कॅपॅसिटर पाहून मामा लगेच म्हणाला, “अरे, म्हणजे यालेही कंडेन्सर लागते!” मामाने आयुष्यभर कंडेन्सर विकले, त्यामुळे त्याला तो लगेच ओळखीचा वाटला. काम मात्र वेगळं आहे हे मी त्याला समजावलं. कूलरच्या मोटरचा कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट पुढे-मागे सरकवून मोटर फिरती करतो. माझा कंडेन्सर म्हणजे न्हाणीघराबाहेरचा रांजण. नळाची धार बारीक असली तरी तांब्याभर पाणी एकदम लागलं तर रांजणातून मिळतं, आणि मग तो सावकाश भरत राहतो.

दुकानात डबा परत लावला आणि दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी फोन. “पुन्हा बंद पडून राह्यलं.” या वेळी ट्रिगरशी संबंध नव्हता. मामा काउंटरवर गिऱ्हाइकाला मोटर लावून दाखवतो, फिरते की नाही ते. मोटर बंद केली की कधी कधी डबा रीसेट. मोटरच्या वाइंडिंगमधला करंट बटणाने अचानक तोडला की बटणाच्या जिभांमध्ये ठिणगी पडते आणि त्याच लाइनवर शेकडो व्होल्टचा टोक काढलेला झटका येतो. माझा प्लग त्याच बोर्डात, बटणाला लागून. इलेक्ट्रिशियनला बोलावून डब्यासाठी दुसऱ्या भिंतीवरचा सॉकेट घेतला. तपासणीच्या बटणाच्या दोन टोकांना १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे तो झटका शोषून घेणारी जोडी, बसवला, कॅपॅसिटर एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा. २३० व्होल्टच्या लाइनवर साधा कॅपॅसिटर कधीही लावू नये, तो फुटतो आणि पेट घेऊ शकतो. हे काम मी माझ्या हाताने केलं नाही, आणि तुम्हीही जाणकाराकडूनच करून घ्या.

त्या गडबडीत एक गोष्ट मला फार टोचली. रीसेटच्या काळात पोरगा स्कॅन करायचा, स्कॅनर ‘टीट’ वाजायचा आणि नोंद मात्र झालेली नसायची. तो बिचारा म्हणायचा, “ताई, वाजलं होतं.” खरंच वाजलं होतं. पण तो आवाज स्कॅनरचा स्वतःचा. त्याने रेघा वाचल्या एवढंच तो सांगतो. पुढे डब्याला ते कळलं की नाही याची स्कॅनरला खबर नसते. कामाच्या माणसाला त्या आवाजावर विसंबायला लावणं मला पटेना. मी डब्यावर हिरवा दिवा बसवला. नोंद चिपच्या कायमच्या स्मृतीत लिहून झाली, परत वाचून जुळली, तरच तो पेटतो. वायफाय त्यानंतर. पोराला सांगितलं, आवाज ऐकू नको, दिवा पाहा.

दोन किरकोळ गोष्टी. एका कंपनीच्या खोक्यावर बारकोड लाल रंगात छापलेला आहे, पांढऱ्यावर लाल. लेझरही लाल, त्यामुळे त्याला त्या रेघा पांढऱ्याच दिसतात आणि काही केल्या वाचत नाही. त्या खोक्यांवर आमचं लेबल चिकटवतो. आणि दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी चारनंतर ऊन थेट काउंटरवर येतं तेव्हा लेबल सावलीत धरूनच वाचावं लागतं.

मे महिना चालू आहे, बाहेर पंचेचाळीस. परवा दुकानात गेले तर पाच गिऱ्हाईकं उभी होती. पोराने जुन्या पंपावर स्कॅनर धरला, हिरवा दिवा लागला, स्क्रीन पाहून तो शिडीवर चढला आणि तिसऱ्या कप्प्यातलं खोकं घेऊन उतरला. मामा शेजारी मोटर चालू-बंद करून दाखवत होता. स्क्रीन हलली नाही. मामाने माझ्याकडे पाहिलंही नाही, त्याला तेवढा वेळच नव्हता.

संध्याकाळी चहा पिताना म्हणाला, “मागच्या गोदामात एक लावून दे न.”

गोदाम काउंटरपासून बारा मीटर. डेटाची मला काळजी नाही, आरएस-२३२ पंधरा मीटरपर्यंत निभावतो. ५ व्होल्ट मात्र तितक्या लांब नेणार नाही. इथून १२ व्होल्ट पाठवायचे आणि स्कॅनरजवळ बक कन्व्हर्टर बसवून तिथे ५ करायचे. मॉड्यूल आणून ठेवलं आहे. स्कॅनर जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर ५.१ वर आणला आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला, म्हणजे हलायला नको. रविवारी दुपारी, दुकान बंद झाल्यावर, वायर ओढायला जाणार आहे.